ओटिलीचे शनिवार

शनिवारी सकाळी न्याहारी चालली असताना येट्टेनं आपला ससा आणून एकहार्टच्या मांडीवर ठेवला, "धर जरा याला, मी पाणी बदलून आणते" म्हणाली आणि पळाली. एकहार्टच्या एका हातात लोणी लावलेला पाव होता. दुसरा हात त्यानं सशाच्या पोटाखाली घातला, आणि त्या हातानं, कुणी विचारलं नसताना, वजन केलं. दोन किलो, वर थोडं. चांगला भरलाय. महिना निघेल. हे इतकं झटकन झालं की पाव तोंडाशी पोचायच्या आत हिशेब संपलासुद्धा. ससा आपला नाक हलवत बसला होता. त्याच्या बरगड्यांच्या आत काळीज टकटकत होतं, ते बोटांना लागत होतं, आणि एकहार्टला स्वतःच्या हाताची एकाएकी शिसारी आली. याच हातानं तो आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या कानांमागे काड्या बसवायचा. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, किती हलका हात आहे हो तुमचा. त्या हातानं एका आठ वर्षांच्या पोरीच्या सशाचं जेवण करून टाकलं होतं. त्यानं ससा छातीशी धरला, माफी मागितल्यासारखा, आणि येट्टे परत येईपर्यंत धरूनच ठेवला.

"काय झालं? अंडं कच्चं राहिलं का?" मारेननं विचारलं. मारेन म्हणजे येट्टेची आई. गेल्या पानगळीपासून एकहार्ट हिच्याच घरी राहत होता. "नाही, छान झालंय," तो म्हणाला. "मग तोंड का असं? शनिवार आहे म्हणून?" मारेननं तवा खाली ठेवला. "हे बघ, जायला माझी ना नाही. त्या अजगरावरही माझा राग नाही, बिचाऱ्यानं माझं काय घोडं मारलंय? पण मी या जगात आहे हे तुझ्या बायकोला अजून ठाऊक नाही, याची मला आता गंमत वाटेनाशी झालीय." "आधीच्या बायकोला," एकहार्टनं दुरुस्ती केली. "तेच ते. बायको आधीची, अजगर चालू! आज सांगून ये, एकहार्ट. काय वाट्टेल ते सांग, पण सांग." तो हो म्हणाला. हो म्हणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. उभ्या आयुष्यात त्याला जमलेली तेवढीच गोष्ट होती.

वरच्या रुळाला टांगलेली लटकती गाडी नदीवरून डुलत निघाली तेव्हा तो खिडकीशी बसून वाक्य जुळवत होता. रोस्विता, मला तुला काही सांगायचंय. छे, हे फार गंभीर. रोस्विता, आपण एकदा शनिवारांचं बघायला हवं. हे दुकानातल्या रजेसारखं झालं. खाली वुपर नदीचं उथळ पाणी दगडांवरून चाललं होतं, आणि त्याला वाटलं, गाडी मध्येच कुठे तरी बंद पडली तर बरं. तसं झालं की लोक चिडतात. तो आज टाळ्या पिटेल. तीन वर्षांपूर्वी काडीमोड झाला तो किती सुरळीत झाला होता. कपाटं, पडदे, कर्जाचे उरलेले हप्ते, तिच्या आईनं दिलेली न आवडणारी घड्याळं, सगळं एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटून झालं. वकीलसुद्धा म्हणाली, इतकी शहाणी माणसं वेगळी कशाला होताहेत? आणि मग रोस्विता म्हणाली, ओटिलीचं काय? ओटिली म्हणजे तो अजगर; ती कुणाची हा प्रश्नच नव्हता, ती रोस्विताचीच. प्रश्न होता दुसऱ्या माणसाचा. अजगर पाळणाऱ्यांची एक मंडळी महिन्यातून एकदा एका बिअरच्या दुकानात मागच्या टेबलाशी जमत असे, आणि तिथले सगळ्यांत जुने सभासद, क्लाप्रोट नावाचे गृहस्थ, नव्या माणसाला पहिल्याच ग्लासाबरोबर एक गोष्ट पाजत: जनावर तुमच्या दुप्पट लांब झालं की एकट्यानं त्याचं दार उघडायचं नाही. घास भरवायचा असो की घाण काढायची असो, खोलीत दुसरा माणूस हवा. नुसता उभा राहिला तरी चालेल, पण हवा. ज्याला दुसरा माणूस नाही त्यानं जनावर देऊन टाकावं. त्यावर तिथं वाद होत नसे. ज्यांनी तो नियम मोडला त्यांच्या कहाण्या त्या टेबलावर हळू आवाजात सांगत, आणि नंतर थोडा वेळ कुणी पेला उचलत नसे. तेव्हा त्या दुपारी रोस्विताच्या त्या प्रश्नावर एकहार्ट म्हणाला होता, "मी येत जाईन की. एक शनिवार सोडून एक. माझी काही हरकत नाही."

हरकत त्याची कधीच कशाला नव्हती. ओटिली आली तेव्हाही नव्हती. एका जत्रेसारख्या बाजारात, बटाट्याचं सॅलड देतात तसल्या प्लास्टिकच्या डब्यात ती बसली होती, बोटाएवढी जाड, आणि विकणारा सांगत होता की ही फार काही वाढणार नाही, मादी आहे, नीट खाऊ घाला पण कोंबू नका. रोस्विताचे डोळे असे झाले होते की एकहार्टनं लगेच पाकीट काढलं. ब्रह्मदेशाकडचा अजगर वाढत नाही हे खोटं आहे हे त्या बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकानं कधी ना कधी ते खरं मानलेलं होतं. ती वाढली. आधी काचेची पेटी, मग कपाट, मग मोठं कपाट, आणि शेवटी एकहार्टची ती मागची खोली, जिथं त्याची खेळण्यातली रेल्वे होती. बोगदे, पूल, कापसाचा बर्फ पडलेलं एक स्टेशन, सगळं त्यानं स्वतःच्या हातांनी खोक्यांत भरलं. खोलीभर लाकूड आणि काच लागली, वर दिवे, खाली ऊब. हिवाळ्यात त्या घरात ओटिलीची खोली सगळ्यांत उबदार असे. रोस्विता तिथं खुर्ची टाकून वाचत बसायची. एकहार्ट दारातून "कॉफी?" एवढं विचारायचा, आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. कारण खरी गोष्ट अशी होती की तो ओटिलीला भीत होता. पहिल्या वर्षी नाही, पण एकदा ती त्याच्या मनगटाएवढी झाली तेव्हापासून, रोज, न चुकता. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्यानं हे बायकोला सांगितलं नव्हतं. आधी लाज वाटली म्हणून, आणि मग फार उशीर झाला म्हणून. त्यांचं लग्न मोडलं ते ओटिलीमुळे नाही. कशामुळे मोडलं हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं. दोन माणसं एकमेकांना सांभाळून घेता घेता इतकी हळू बोलायला लागली की शेवटी ऐकू येईना, असं काहीसं. पण काडीमोडानंतरही तो दर खेपेला त्या खोलीत उभा राहिला, भीत भीत, आणि रोस्विताला वाटत राहिलं की एकहार्टचा जीव आहे तिच्यावर.

आता तो गेला नाही तर ओटिलीला जावं लागेल. ओटिली गेली तर रोस्विताकडे काय उरेल? औषधांच्या दुकानातली नोकरी, बुधवारचं गाण्याचं मंडळ, आणि एक गरम केलेली रिकामी खोली. हे त्याला सहन होत नव्हतं. मारेनचं खरं होतं, आणि हेही खरं होतं. नेहमीचं स्टेशन आलं तसा तो उतरला, वाक्य अजून जुळलेलं नव्हतं. त्यानं ठरवलं, दारातच सांगायचं. कोट काढायचाच नाही. कोट काढला की संपलं.

"आलास? कोट काढ, आलुबुखाऱ्याचा केक आहे," रोस्विता दार उघडता उघडता म्हणाली, आणि त्यानं कोट काढला. ती उंच होती, केस कापून पिकू दिलेले, आवाज असा की दुकानात गोळ्यांचं प्रमाण तिनं एकदा सांगितलं की कुणी परत विचारत नसे. "बारीक झालास की जाड, मला कळेना," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "स्वेटर नवा दिसतोय. स्वतः घेतलास? देवा, जग बुडणार." स्वेटर मारेननं घेतला होता. तो म्हणाला, "रोस्विता, मला जरा..." आणि ती म्हणाली, "हो, थांब, आधी माझं ऐक, नाही तर मी विसरेन. कात टाकली तिनं काल. एकसंध निघाली, मोज्यासारखी. पण उजव्या डोळ्यावर मला काही तरी चिकटलेलं दिसतंय. डोळ्यावरचा पापुद्रा राहिला असेल तर वाईट. तू तुझं ते भिंग आणलंयस ना? तूच बघ बाबा, डोळ्यांचं खातं तुझं." भिंग त्याच्या खिशात नेहमीच असे. "बघतो की," तो म्हणाला, "हरकत नाही," आणि बाथरूममध्ये जाऊन बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा, बिनवासाच्या साबणानं, जसे त्या घरात धुवायचे असतात तसे. मग बाह्या खाली ओढल्या. ओटिलीच्या दाराशी खुंटीवर त्याचा निळा डगला लटकत होता. इतकी वर्षं तो अंगात घातल्याशिवाय एकहार्ट त्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. पण आज आपण कामाला आलेलो नाही, नुसतं सांगायला आलोय, हे त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की डगला त्याला दिसलाच नाही.

रोस्वितानं लोखंडी आकड्यानं ओटिलीच्या मानेवर हलकेच थापटलं. आकडा लागला म्हणजे आज खाणं नाही, हे ओटिलीला लहानपणापासून शिकवलेलं. कात टाकल्यावर ती अशी दिसायची की भीत असूनही माणसानं बघत राहावं: तपकिरी आणि पिवळे पट्टे, त्यांवर तेलासारखी निळसर झाक. महिनाभर तिनं काही खाल्लं नव्हतं. कात येऊ घातली की खात नाहीत, आणि टाकली की भूक उसळते. एकहार्ट भिंग डोळ्याला लावून वाकला. उजवा डोळा स्वच्छ होता. कडेला वाळक्या कातडीचा एक तुकडा, बस्स. "काही नाही, वरचंच आहे," तो म्हणाला आणि बोटानं ते दाखवायला त्यानं हात पुढे केला. ओटिलीची जीभ एकदा बाहेर आली, स्वेटरच्या बाहीशी थरथरली. पुन्हा आली. मग त्याला काही दिसलं नाही. फक्त एक धक्का बसला, कुणी तरी जोरात दार लोटावं तसा, आणि तो जमिनीवर बसला होता, आणि त्याचा हात कोपराखाली ओटिलीच्या तोंडात होता.

"ओढू नकोस!" रोस्विता ओरडली. "हलू नकोस, एकहार्ट. दात मागं वळलेले आहेत, ओढलास तर चिंध्या होतील." तो हलणार कुठे? एक वेढा हाताला बसला, दुसरा, आणि तिसरा खांद्यावरून छातीकडे सरकला, घाई नाही, गडबड नाही. त्यानं श्वास सोडला की ती तेवढी जागा घ्यायची. हात आधी दुखला आणि मग दुखायचा थांबला. आणि त्या क्षणी, ज्याला तो इतकी वर्षं भीत होता तेच घडत असताना, एकहार्टच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे: झालं एकदाचं. त्याला आश्चर्य वाटलं. रात्री कुशीवर वळताना, गाडीत, लोकांच्या नाकावर चष्मा ठेवताना, किती वेळा त्यानं हे पाहून ठेवलं होतं, आणि पाहिलेलं ते याहून फार मोठं होतं. हे नुसतं वजन होतं. ओटिलीला त्याचा राग नव्हता. तिला भूक लागली होती. आईच्या घरी लहानपणी रजईत गुंडाळायचे तेव्हा हात असेच आत अडकायचे आणि मोठी माणसं बाहेर बोलत असायची, ते त्याला आठवलं, आणि तो नीट, लहान लहान श्वास घेत राहिला.

रोस्वितानं फळीवरची बाटली घेतली. कडक पांढरी दारू, सगळ्यांत स्वस्त. अशा वेळेसाठीच प्रत्येक अजगरवाला ती दाराशी ठेवतो आणि वेळ येऊ नये म्हणून बूच तसंच राहू देतो. तिनं बूच दातांनी काढलं आणि ओटिलीच्या जबड्याच्या फटीत दारू ओतली. मग शेपटीकडे जाऊन गुडघ्यांवर बसली. उलगडायचं ते शेपटीकडून, डोक्याकडून कधीच नाही. "आता सोडेल. थोडा धीर धर," ती म्हणाली. एक एक वेढा ती दोन्ही हातांनी मागं फिरवत होती, तिचं डोकं त्याच्या खांद्याशी आलं होतं. आणि मग ती थांबली. तिनं नाक त्याच्या बाहीजवळ नेलं. मग छातीवरचं काही तरी चिमटीत उचललं आणि उजेडाकडे धरलं. पांढरा, बारीक, मऊ केस.

"एकहार्ट," ती म्हणाली, "हा ससा कुणाचा?"

तो ओटिलीच्या दोन वेढ्यांत बसला होता, हात बधिर, पँटवर दारू सांडलेली. पळून जायला वाट नव्हती. कोट नव्हता, कॉफी नव्हती, केक नव्हता. "येट्टेचा," तो म्हणाला. "येट्टे कोण?" "मारेनची मुलगी." "आणि मारेन?" "मी मारेनकडे राहतो. पानगळीपासून. दुकानावरची खोली सोडली मी. तिनं हा स्वेटर घेतला. सकाळी ससा माझ्या मांडीवर दिला पोरीनं, आणि मी तो छातीशी धरला. मी आज तुला सांगायला आलो होतो की मी यापुढे येणार नाही. आणि मला ओटिलीची भीती वाटते, रोस्विता. नेहमीच वाटायची." हे सगळं एका दमात बाहेर पडलं, जेवढा दम त्याच्याकडे होता तेवढ्यात. वाक्य कसलंच जुळलेलं नव्हतं. रोस्विता गुडघ्यांवर तशीच बसली. ओटिलीनं जबडा उघडला, डोकं झटकलं, आणि तोंडातल्या दारूचा राग आल्यासारखं ते बाजूला वळवलं.

"मूर्ख," रोस्विता म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळेना. मग तिचे खांदे हलायला लागले. एकहार्टला वाटलं ती रडतेय. हेच तर टाळायला तो तीन वर्षं येत होता. पण ती हसत होती. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, जमिनीवर हात टेकून. "सशाची बाई! आणि माझ्याकडे येतोयस त्याच स्वेटरमध्ये, तू, दोनदा हात धुणारा!" तिनं शेवटचा वेढा त्याच्या हातावरून काढला, डोळे पुसले. "ऐक आता. आधी ओटिलीला उचलू या, मग तुझा हात बघते, मग बोलते." ती पुढचा भाग धरून उभी राहिली, त्यानं बऱ्या हातानं आणि काखेत मागचा, आणि दोघांनी ती तिच्या जागी नेऊन ठेवली. तिचं वजन त्याच्या कुशीत होतं, आणि मानेवरचे केस जागच्या जागी होते. हे त्याला दार बंद झाल्यावर लक्षात आलं.

स्वयंपाकघरात तिनं हात धुऊन औषध लावलं, जखमा खोल नव्हत्या, टाचणीनं टोचावं तशा चंद्रकोरीत, पुष्कळ. "डॉक्टरकडे जायचं, आजच," तिनं दुकानातल्या आवाजात सांगितलं. मग उरलेली पांढरी दारू दोन पेल्यांत ओतली. "क्लाप्रोटांच्या ओळखीचं एक जोडपं आहे," ती म्हणाली, "गावाबाहेर. दोघं घरीच असतात, आख्खं गोठ्याएवढं उबदार घर बांधलंय त्यांनी. हिवाळ्यापासून मागं लागलेत, ओटिली द्या म्हणून. मी जाऊन बघून आले. चांगली जागा आहे. माझी पाठ गेलीय, एकहार्ट. तिची पाण्याची परात आता माझ्यानं उचलवत नाही. रात्री दिव्याचं बिल डोळ्यापुढे येतं. बहीण तीन वर्षं बोलावतेय, समुद्रावर, एकदा ये म्हणून. मी गेले नाही."

"मग दिली का नाहीस?"

ती पेल्याकडे बघत राहिली. "तुझ्यामुळे. दुकानावरच्या त्या खोलीत एकटा, खोक्यात भरलेली रेल्वे, ना मित्र ना कोणी. मला वाटायचं, एवढाच तर याचा शनिवार आहे. तोही काढून घेतला तर हा माणूस करेल काय? आणि तू दर वेळी इतका मनापासून यायचास!"

एकहार्टनं दारू प्यायली. ती घशातून जळत गेली आणि पोटात जाऊन बसली, आणि तिच्या मागोमाग काही तरी सैल झालं, बरगड्यांच्या आत, जिथं मघा ओटिलीचा वेढा पोचायचा राहिला होता. तीन वर्षं दोघं एका जनावराला गरम ठेवत होते, एकमेकांची कीव करत. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला, वाईट वाटेल म्हणून. वाटलं नाही. त्याला नुसतं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची थोडी लाजही वाटत होती, आणि तीही फार नाही. समोर रोस्विता केकचा तुकडा हातानंच तोंडात टाकत होती. ती कितीतरी वर्षांनी त्याला ओळखीची दिसली. "ती मारेन," तोंड भरलेलं असताना ती म्हणाली, "चांगली आहे का?" "स्पष्ट बोलते," तो म्हणाला. "देवानं तुझं भलं केलं. आणि पोरीला सांग, तिचा ससा फार गुणाचा आहे. आपल्याला जे तीन वर्षांत जमलं नाही ते त्यानं अंगाला नुसतं अंग लावून केलं." आणि त्यावर ते दोघं इतके हसले की दुखऱ्या हातानं त्याला टेबल धरावं लागलं.

निघताना तिनं त्याच्या खांद्यावर कोट टाकला, कारण पट्टी बांधलेला हात बाहीत जाईना. बटण लावून दिलं. जिन्यात दुपारचं ऊन आलं होतं. तो दोन पायऱ्या उतरला असेल, तेव्हा तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग, पुढच्या वेळी येशील ना?"

दोघंही थबकले. रोस्वितानं तोंडावर हात ठेवला. एकहार्टनं वर पाहिलं. त्या दारात ती उभी होती, आणि तिच्याविषयी त्याला जेवढी माया वाटली तेवढी लग्नातही क्वचितच वाटली असेल.

"नाही," तो म्हणाला.

"बघ," रोस्विता म्हणाली, "किती सोपं होतं." आणि तिनं हसत दार लावलं.